गरम झाल्याशिवाय न धरणारे ब्रेक

हल्ली मी स्टेशनला रिक्षानं का येते, विचारू नका. बरं, सांगते.

आमच्या ह्यांना रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा नाद. तिथं एकदा ब्रेक दाबला तर पेडल पार खाली गेलं, गाडी थांबेना. ब्रेक ऑइल उकळलं होतं म्हणे. मग नवं ऑइल, खास ट्रॅकचे ब्रेक पॅड, सगळं बसवून घेतलं. पण ते पॅड गरम झाल्याशिवाय धरतच नाहीत. म्हणून मला कर्जत स्टेशनला सोडताना रोज कळंब रोडवर तेच: गाडी पळवायची, करकचून ब्रेक मारायचा, पुन्हा पळवायची. माझा चहा घशाशी.

परवा शेजारच्या कमळामावशींनी हळूच विचारलं, "तुजा नवरा गाडी अजून शिकतोच हाय का गं?"

"हो," म्हटलं. समजावायला अंगात त्राण नव्हतं.

रिक्षाला ब्रेक नावालाच आहेत. पण स्टेशन येईपर्यंत मी शांत झोपते.