पंपहाऊसच्या भिंतीवरचा अर्जुना

नानासो : गंज चढवाया तुला औंधावनं बोलावलं व्हय रं, नाथाजी? परवा पानी योजनेच्या उद्घाटनाला मंत्री येनार, अन् पंपहाऊसची भित बघून भंगारवाला तराजू घिऊन यायचा.

नाथाजी : चेअरमनसाहेब, गंज मुद्दाम चढवलाय. रंगात लोखंडाचा कीस कालवला, वरून मिठाचं पाणी मारलं, आठवडाभर ऊन दिलं. पाइप अन् पाइप ओढणारी माणसं, सगळी एकाच लोखंडाची दिसावीत म्हणून.

नानासो : दिसत्यात की. पावसात इसरलेल्या लोखंडाची. मुंबईच्या हॉटेलात बघितलंय मी भितीवरलं चित्र. कसं झगमगत हुतं.

नाथाजी : त्यात पाइप कोण ओढत होतं?

नानासो : लय बोलू नगंस. चंदेरी रंगाचा डबा आनलाय. समदी मान्सं चकचकीत कर. अन् म्होरल्या गड्याचं तोंड पुसून माझं घाल.

नाथाजी : म्होरला गडी तुमचा धाकटा भाऊ आहे. अर्जुना.

नानासो : ठावं हाय मला. पन त्यो गेला. इलेक्शन मला लढवायचंय.

नाथाजी : घालतो तुमचं तोंड. धड मात्र अर्जुनाचंच राहील. उघडं अंग, खांद्यावर दोराचा वळ, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यावर तुमचा फेटा कसा बसवू?

नानासो : धड बी बदल. कोट घाल.

नाथाजी : कोट घालून पाइप ओढायचा?

नानासो : ओढाय कशाला पायजे? बोट दावत हुबा कर. म्हंजी मी वाट दावतुया.

(बयाबाई डोक्यावरचा पदर सावरत भिंतीजवळ येऊन उभी राहते.)

नाथाजी : या, वैनी. साहेब म्हणतात, तुमच्या मालकांचं तोंड पुसायचं.

नानासो : बयाबाई, तू घरला जा. ही सोसायटीची कामं हायती.

बयाबाई : जाते की, भावजी. रोज येतीया, रोज जातीया. ह्यांचा एक फोटू न्हाई घरात. नाथाजीनं मला इचारून इचारून ह्यांचं नाक काढलं. तीन डाव खरवडलं, तवा कुठं जमलं.

नानासो : ह्याच चित्रावनं सांगलीला मोठा फोटू करून घिऊ. काचंच्या चौकटीत लाव घरात.

बयाबाई : चौकटी तुमालाच ऱ्हाऊ द्या. हापिसात तुमी, शाळंत तुमी, न्हाव्याच्या दुकानात बी तुमीच. ही एक भित तेवढी ऱ्हाईलीया.

नानासो : ह्या पान्यापायी मी मुंबईला किती खेपा घातल्या, हाय का ठावं?

बयाबाई : हाय की. त्याबद्दल साताऱ्याला तुमचा सत्कार झाला. त्याच दिशी हितं चढावर दोर तुटला अन् पाइप ह्यांच्या अंगावर आला. आदल्या दिशी ह्यांनी सांगितलं हुतं तुमास्नी, दोर झिजलाय, नवा आनूस्तवर थांबा. तुमी म्हनला, सत्काराच्या आत पाइप टेकावर गेला पायजे.

नानासो : दोर तुटंल असं मला सपान पडलं हुतं व्हय?

बयाबाई : सपान कशाला पडंल? तुमी फेटा बांधाय बसला हुता.

नाथाजी : डबा उघडू का, साहेब?

नानासो : ऱ्हाऊ दे त्यो डबा. गर्दीत तरी कुठं बसीव मला. मागं, कडंला.

नाथाजी : ह्यात गर्दी नाही. दोराला जेवढे होते तेवढेच काढलेत.

बयाबाई : एक गडी कमी पडत हुता त्या दिशी. तुमी आला असता तर जागा झाली असती.

नानासो : अन् मंत्र्यानं इचारलं, ह्यो म्होरला कोन, तर काय सांगू?

बयाबाई : माझा धाकला भाऊ, म्हना. तेवढं बोलताना कागद बघावा लागायचा न्हाई.