आवो, आवो

गवयांचं गाणं मला सोसत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते आ-आ-आ सुरू झालं की माझी दाढ ठणकते. पण आमची ही गेल्यानंतर एकदा वाडी मोहल्ल्यातून चाललो होतो, तर एका घरातून आवाज आला, "आवो, आवो." आपल्या बडोद्यात आवो म्हणजे या, बसा. कित्येक दिवसांत मला कोणी या म्हटलं नव्हतं. जोडे काढून सरळ आत गेलो. आत दरबारचे नवे खांसाहेब तंबोरा घेऊन एकटेच बसलेले.

"कौन?"

"तुम्हीच बोलावलंत ना?"

ते हसले. "अरे बाबा, वो तो गाना था!"

मी ओशाळून मागे वळलो.

"सुनोगे?"

"नको हो. गाणं नाही आवडत मला."

त्यांनी तंबोरा भिंतीला टेकवला. "तो नहीं गाता. बैठो. इस शहर में पहली बार कोई घर आया है."