बेटावरची पाहुणी

...आणि वर म्हणे आराम कर. तुम्हाला सांगते, माणसाला आराम करायला बसवून ठेवण्याइतकी वाईट शिक्षा नाही. शाळेत बाकावर उभं करतात ते परवडलं, तिथे निदान पाय दुखतात म्हणून कुणाला तरी दया येते. मी दिवसभर एका बेटावर, पोत्यावर बसून होते. बेट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर नारळाची झाडं आली असतील, माझ्याही आली होती. पण हे बेट रामटेकच्या बाजूच्या एका तलावातलं, भूगोलात लिहिलंय अगदी तेवढंच... चहूबाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा. वर शिंदीची तीन झाडं आणि एक बगळा. तो बगळासुद्धा मासे धरायच्या कामात होता. रिकामी काय ती मीच.

थांबा, नीट सांगते. दिवाळीची सुट्टी लागलेली, नववीची सहामाही संपलेली, आणि शामला, पंचफुला आणि मी अशा तिघी नागपूरहून पंचफुलाच्या नत्थूमामांकडे गेलेलो. मामा त्या तलावात शिंगाडे लावतात. सकाळी त्यांनी आम्हाला डोंग्यातून बेटावर सोडलं आणि म्हणाले, "पोरीहो, मी शिंगाडे तोडून दिवस बुडाच्या आंदी येतो. तोवर आराम करा." इतकं साधं वाक्य, तिघींना सांगितलेलं. मग ते माझ्या एकटीच्याच वाट्याला का यावं?

कारण आराम करायला निघालेल्या या दोघींनी बरोबर काय आणलं होतं, तर पोतंभर गोवऱ्या, कणीक, वांगी, तुरीची डाळ, तुपाचा डबा... आपल्याकडे गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजल्याशिवाय बाहेर गेल्यासारखं वाटतच नाही ना. मीही बाह्या सारून परातीपाशी बसले, तर शामलाने परातच ओढून घेतली. "तू बस वं, आराम कर." बरं. वांगी चिरायला घेतली, तर पंचफुलाने विळी उचलली. "तू बस वं." निदान गोवऱ्या तरी रचते म्हटलं. "हात काळे होतीन तुहे. बस ना." आणि गोवऱ्या रिकाम्या केलेलं पोतं झटकून माझ्यासाठी शिंदीच्या सावलीत अंथरलं.

आता तुम्ही म्हणाल, बसवलं तर बसावं, त्यात एवढं काय? सांगते. मला त्या दिवशी शामलाला एक गोष्ट सांगायची होती. बाबांची नांदेडला बदली झाली होती. सुट्टी संपायच्या आत सगळं बिऱ्हाड हलणार, मी ही शाळा सोडणार. पाचवीपासून मी आणि शामला एका बाकावर बसतो. आठ दिवस ते एक वाक्य मी तोंडात धरून फिरत होते. पण असलं वाक्य समोरासमोर बसून सांगता येतं का हो? त्याला हातात काहीतरी काम लागतं. शामलाची आई घरातलं काही दुखणं सांगायचं असलं की आधी शेंगा निवडायचं सूप पुढे ओढते, मी पाहिलंय. मीही ठरवलं होतं, कणीक मळता मळता, मान खाली घालून सांगून टाकायचं. आणि यांनी माझे हातच रिकामे ठेवले.

जेवताना तर कळस. पहिलं पान मला. एकटीला. दोघी वाढायला उभ्या. एरवी शामला माझ्या ताटातलं वांगं न विचारता उचलते, आणि आज, "तूप घे. अजून घे. लाजू नको." पंचफुलाने रोडग्याची राख फडक्याने इतकी पुसली की रोडगा चकाकायला लागला. पुढे तिने पदरातून, म्हणजे ओढणीतून, कुंकवाची पुडी काढली आणि माझी ओटी भरायला घेतली, खण नव्हता म्हणून रुमाल, नारळ नव्हता म्हणून शिंगाडे.

"हे काय गं?" मी विचारलं.

"पाहुणीची ओटी भराव लागते ना," पंचफुला म्हणाली आणि जीभ चावली.

"पाहुणी कोण?"

शामला निखारे उकरत होती. वर न बघता म्हणाली, "तूच. नांदेडची."

मी ताट खाली ठेवलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुह्या आईनं. चक्कीवर. माह्या आईले. आठ दिवस झाले, माह्या बाजूले बसून राहिली तू, माह्या डब्यातलं खाऊन राहिली, आन् मले चक्कीवरून कळते. काहून? मी कोन हाये तुही?"

"सांगणार होते..."

"मंग सांगतलं काहून नाही? जे सांगत नाही ते पाहुणेच. पाहुण्याले आमी काम नाही सांगत. बस, आराम कर."

म्हणजे बघा, तो आराम नव्हताच. सकाळपासून ती माझ्याशी भांडत होती, आणि मी आपली पोत्यावर बसून बगळा बघत होते.

दुपार तशीच गेली. पाणी अगदी शांत. दिवस कलला तसे मामा आले. डोंगा अर्ध्यात पोचतो न पोचतो तर माझ्या पायांना गार लागलं. डोंग्याच्या फळ्यांचा सांधा सुटून पाणी आत येत होतं. शामलाने डालड्याचा रिकामा डबा माझ्या मांडीवर टाकला.

"उपस."

"मी पाहुणी ना?"

"बुडल्यावर कायची पाहुणी. उपस म्हणतो ना."

मी उपसायला लागले. मान खाली, हातात काम, आणि तुम्हाला सांगते, पाण्यापेक्षा वाक्यंच जास्त बाहेर पडली... मला जायचं नाही, तुला सांगितलं तर ते खरं होईल असं वाटलं, तिथे मुलींची भाषासुद्धा वेगळी असेल, मी कुणाशी बोलू. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "इकडचं पाणी कोण काढंल?"

काठ जवळ आल्यावर तिने विचारलं, "जाऊन कवा राहिली तू?"

"बुधवारी."

"मंगळवारी येतो मी. सामान बांधाले."

आली. धरमपेठेतल्या आमच्या दोन खोल्या तिने दिवसभर डोक्यावर घेतल्या. भांडी कागदात गुंडाळ, ट्रंक उचल, ही गाठ का माणसाने मारली... सगळं मला. संध्याकाळी आई म्हणाली, "दमली गं पोर, जरा आराम करू दे." शामला म्हणाली, "नांदेडले जाऊन करंल ना काकू."

आता नांदेडला येऊन महिना झाला. मुली फार चांगल्या आहेत. बसायला जागा देतात, डब्यातलं आधी मला वाढतात, हसून बोलतात. फक्त अजून कुणी मला एक काम सांगितलेलं नाही.