बायाईची बाजू

यादोराव : पोरी, दोन रुपये म्हंजे दोन रुपये. कडेवरच्या लेकीचं नाही लागत, तुहं लागते.

रुखमा : पण काका, मांगच्या साली त आठ आणे होते. अन् बायाईले फुकटच होतं.

यादोराव : मांगच्या साली धान पिकला होता वो. यंदाच्या दुष्काळात वर्गणी कोणं दिली? अन् पैलवानाईले इनाम त द्याच लागते. मंग पंचाईनं मैदानाले बांबूचे तट्टे ठोकले अन् तिकीट चौपट केलं.

रुखमा : ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याच्याच जवळून चौपट?

यादोराव : मले कायले विचारतेस? मी तिकिटं फाडणारा माणूस.

रुखमा : दीड रुपया आहे. काल दिवसभर तलावाची माती वाह्यली, त्याचा. घ्या न काका.

यादोराव : माह्या हातात असतं त... मांगं तो चष्मेवाला बसला आहे न, एकेक डोकं मोजून राहिला.

रुखमा : माहा भाऊ आहे आत. नत्थू.

यादोराव : नाकाडोंगरीचा नत्थू? अवो, मंग अगुदर नाही सांगावं! थांब, आवाज देतो त्याले.

रुखमा : नोका! तुमाले ह्या लेकीची शपथ. मी बाहेर उभी आहे समजलं, त त्याचं ध्यान कुस्तीत राहीन का? आखरी आहे त्याची. दूध नाही, बदाम नाही, आंबिलीवर कोण पैलवानकी करते? उद्यापासून खाणीवर चालला.

यादोराव : आखरी म्हणतेस...

रुखमा : लहानपणी बोडीतलं पाणी आटलं का तिच्या चिखलात माह्यासंगच कुस्ती खेळे. मीच मुद्दाम पडू. मंग कसा नाचे तो! माहं लगन झालं, अन् खरी जिंकलेली एकही नाही पाह्यली मी.

(तट्ट्याआड ‘नत्थू, नत्थू’ असा गलका वाढत जातो, मग एकदम मोठी आरोळी उठते.)

रुखमा : ऐकलं काका? नत्थू म्हणून राहिले! मारली त्यानं!

यादोराव : थांब, मी पाहून येतो.

रुखमा : आता काय पाहाले जाता! हा पाहा, थोच आला. नत्थू! ए नत्थू!

नत्थू : बाई? तू कव्हा आली?

रुखमा : सकाळपासून आहे. काय उचललं रे त्याले! अशी पाठ टेकवली, मी त उभीच राहिली.

नत्थू : ...कोठून पाह्यली?

रुखमा : बायाईच्या बाजूनं. एकदम पुढं. ही पोट्टीबी टाळ्या वाजवे.

नत्थू : बायाईच्या बाजूनं.

रुखमा : हो. काहून?

नत्थू : काही नाही. हिरवं लुगडं दिसलं होतं मले. म्हटलं, बाईच असन.

रुखमा : अन् तरी विचारतो, कव्हा आली!

नत्थू : डोळ्यात माती गेली होती वो.

रुखमा : पाठीलेबी किती माती ही! सारी माखली.

नत्थू : जिंकल्यावर पोट्टे टाकतात अंगावर. खुशीत.

रुखमा : हो का... वळ, पुसून देतो. आता कपाळ कर इकडे. कुंकू आणलं पदरात बांधून. अन् हा मोहाचा लाडू. गूळ नाही भेटला, तसाच खा.

नत्थू : मस्त झाला.

रुखमा : अजून तोंडात त घातला नाही! चाल, येतो मी. दोन कोस चालाचं आहे, दिवस बुडाच्या आत. खाणीत जपून रे, पैलवान!

नत्थू : हो बाई. लेकीले सांभाळ.

यादोराव : गेली... काहून खोटं बोलला रे? तू भाईर येताच आत डोकावून आलो मी. दोन मिनिटात चित झाला तू.

नत्थू : हो.

यादोराव : अन् बायाईची बाजू यंदा ठेवलीच कोठी? तठी पाच रुपयेवाल्या खुर्च्या आहेत. थे त अठीच उभी होती, तट्ट्याले कान लावून.

नत्थू : मालूम आहे.

यादोराव : उद्या बाजारात कोणी सांगनच तिले.

नत्थू : उद्याचं उद्या.

यादोराव : मंग थे कुंकू त पूस. हारलेल्याच्या कपाळावर पाहून लोक हासतीन.

नत्थू : थांबा काका. वळणापर्यंत पोचू द्या तिले. मांगं पाहून राहिली.