जीपला सलाईन

माझ्या जुन्या डिझेल जीपला आमच्या आईने सलाईन लावलं होतं, हे तुम्हाला सांगितलंय का मी? हसू नका, खरंय.

सपाट रस्त्याला जीप मस्त पळायची, पण बारवी धरणाचा चढ लागला की मान टाकायची. अंबरनाथचे आमचे मिस्त्री बघून म्हणाले, "इंजिनात डिझेल सोडणारा मोठा पंप गेला. तो खोलण्यापेक्षा गाडी भंगारात दे." माझं तोंडच उतरलं.

आई तिथेच उभी होती. आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली बाई. तिने विचारलं, "या मोठ्या पंपाला डिझेल कोण देतं?"

"त्याच्याआधी छोटा पंप असतो, काकू. तो टाकीतून डिझेल ओढतो."

"म्हणजे घशाखाली काही उतरतंय का हे न बघताच पोट फाडताय? आधी सलाईन लावा."

मिस्त्री हसले, आई नाही हसली. मग मी गुपचूप डिझेलचा कॅन टपावर बांधला आणि छोट्या पंपाला वगळून नळी थेट मोठ्या पंपाकडे दिली. तिघंही बारवीला निघालो. चढावर जीप अशी सुसाट सुटली की मिस्त्रींनी दोन्ही हातांनी दांडा धरला.

वर पोचल्यावर आई म्हणाली, "पोट ठणठणीत आहे. घसा बदला."

छोटा पंप त्याच दिवशी बदलला. जीप आजही पळतेय.

आता मिस्त्रींच्या गॅरेजात नळी लावलेला एक कॅन कायम टांगलेला असतो. कुणी विचारलं की ऐटीत सांगतात, "हे डिझेलचं सलाईन. आपलीच आयडिया!"