सुती साडी कशाला हवी

त्या दिवशी मी बाजारातून आणलेली मेथी निवडत बसलो होतो, तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही आजोबा होणार. पण तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला बोलू नका."

"माय लिप्स आर सील्ड," मी म्हणालो.

हे माझ्या बायकोचं वाक्य. तिला जाऊन दोन वर्षं झाली. भोकरदनच्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची. एवढं म्हणायची आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला बातमी सांगून मोकळी व्हायची.

आठ दिवस मी गप्प राहिलो. रविवारी जालन्याहून धाकटी बहीण शोभा आली.

"दादा, वहिनीची एखादी मऊ सुती साडी दे."

"कशाला?"

"पायपुसणं शिवून राह्यले."

"तिच्या साडीचं पायपुसणं? बिलकुल न्हाई मिळणार!"

माझा चढलेला आवाज ऐकून शोभा घाबरली. "आरं, बाळाचं दुपटं शिवायचंय! पोरीनं कुणालाच सांगू नको म्हणलंय, तुला बी न्हाई."

"मला आठ दिवसांपासून माहितीय."

"मला पंधरा!"

मी कपाटातली निळी साडी काढून दिली.

बायकोच्या फोटोला मी रोज सगळं सांगतो. तिसरा महिना सरायला अजून वीस दिवस आहेत, म्हणून ही बातमी तेवढी तिला सांगितलेली नाही.