सोजरच्या नावावरची एकतीस पुस्तकं

माझं माहेर हट्ट्याचं. बारावी झाले अन् लग्न झालं, हे गोरेगावाच्या बाजूच्या एका गावात हायस्कूलला गणिताचे सर होते, तवा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आमी परभणी जिल्ह्यात. सहा वर्षं संसार झाला, लेकरू न्हाई, अन् हे कावीळ होऊन गेले. सासरचे म्हणाले गावाकडं चल, माहेरचे म्हणाले इकडं ये, पण दोघांचंबी म्हणायचं म्हणून म्हणणं होतं, ते कळतं माणसाला. मंग संस्थेनं अनुकंपावर नोकरी दिली. गणित काई मला येत न्हाई, म्हणून ग्रंथपाल. सुट्टीत कोर्स केला, पुस्तकाला नंबर कसा द्यायचा ते शिकले.

प्रयोगशाळेच्या मागची खोली, पाच लोखंडी कपाटं, किल्ल्या माझ्याजवळ. पहिल्याच दिवशी हेडसर म्हणाले, बाई, पुस्तक हरवलं तर जबाबदारी तुमची, कुलूप राहू द्या. मी बरं म्हणलं. काय सांगू तुम्हाला, दिवस दिवस कुणी यायचं न्हाई. शिक्षकांच्या खोलीत गेले की बोलणं थांबायचं. आपल्या सरांची बाई म्हणून मान होता, पण मान देणारं माणूस जवळ बसत न्हाई. माझा चहा शिपाई खोलीतच आणून ठेवायचा. घरी एकटी, इथं एकटी, फरक इतकाच की इथं घंटा वाजायची.

मंग तपासणी आली. हेडसरांनी देवघेवीची वही उघडली, म्हणाले, कोरी काहून? म्हणलं, कपाटाला कुलूप हाय सर. म्हणाले, ते मी सांगितलंय, पण वही तर भरा, हजेरीपट घ्या अन् नावं टाका. टाकली. कोण कोणतं पुस्तक नेईल याचा इचार करून, पेन बदलून बदलून, बराबर वाटावं असं लिहिलं. पुढं दरसाल तेच. नावं मात्र ज्यांच्या घरचं कुणी शाळेत येत न्हाई त्यांचीच घ्यायची. त्यात एका साली आठवीतली सोजर. धनगराची पोरगी, मेंढरांमागं जावं लागायचं, महिन्यातले अर्धे दिवस गैरहजर. तिला कोण इचारणार, म्हणून तिच्या नावावर मी मोकळ्या हातानं लिहीत गेले. आज सांगताना जड जातं.

त्याच साली शाळेत कॉम्प्युटर आले. कॉम्प्युटरच्या सरांनी माझी वही त्यात भरली अन् बटण दाबलं, तर कुणी किती पुस्तकं नेली त्याचा कागदच बाहेर आला. पहिलं नाव सोजर, एकतीस पुस्तकं. पीटीचे सर हसून राहिले, म्हणाले, मेंढरांला वाचून दाखवत असल. हेडसरांला हसू आलं न्हाई. वही कशी भरली ते त्यांला ठाऊक होतं, तरी म्हणाले, कागद सगळ्यांनी बघितलाय, आता गॅदरिंगला सत्कार करू. तिथंच सगळ्यांसमोर मी सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलं. नोकरी गेली तर जायचं कुठं, हाच इचार.

गॅदरिंगला तिचं नाव पुकारलं. ती उठेना, बाजूच्या पोरींनी ढकललं. पाहुण्यांनी इचारलं, बेटा, कोणतं पुस्तक आवडलं? तिनं सगळ्यांमधून मला हुडकलं, मी मान खाली घातली. ती म्हणाली, समदीच. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दारात उभी. वाटलं, भांडायला आली. म्हणाली, मॅडम, ती एकतीस कोणती हायत? बाबानं गोरेगावच्या बाजारात समद्यायला सांगितलंय, माझ्या पोरीनं एकतीस पुस्तकं वाचली म्हणून, आता मला वाचावीच लागतील न. म्हणलं, सोजर, माझं चुकलं. ती म्हणाली, ते ऱ्हाऊ द्या, पहिलं द्या.

कुलूप काढलं. ताऱ्यांचं एक पुस्तक होतं ते दिलं. वाचून आली की उभी राहून सगळं सांगायची, मधूनच चिडायची, म्हणायची, मॅडम, हे चुकीचं लिहिलंय, ही चांदणी आमी मेंढरांपाशी झोपतो तवा तिकडून निघती. एकदा एका गोष्टीचा शेवट पटला न्हाई तर मला म्हणाली, तुमाला काय वाटलं? मी पुस्तकाचं कव्हर पुसायला लागले. म्हणाली, तुमी वाचलं न्हाई? एवढी वर्षं पुस्तकांत बसून मी एकबी वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून ती नेईल ते आधी मी घरी नेऊन वाचायची, रात्री जेवताना ताटाजवळ उघडं ठेवायची, अन् सकाळी कधी मधली सुट्टी होती अन् कधी ती येती असं व्हायचं. तिच्याशी बोलले तेवढं मी ह्यांच्यामागं कुणाशीच बोलले न्हाई.

दहावीपर्यंत अठ्ठावीस झाली. परीक्षेनंतर सांगायला आली, लग्न जमलंय, वाशीमकडं. तिच्या आईला भेटले, दोन साल थांबा म्हणलं. आई म्हणाली, मॅडम, तुमचं बराबर हाय, पण तिला सांभाळत मी मेंढरांमागं किती फिरू? मी शाळेकडं निघाले, सोजर माझ्यामागं आली. सोजर म्हणाली, तीन राहिली, बाबा खोटा पडल. कपाटातून तिन्ही काढून तिच्या पिशवीत टाकली अन् नोंद केली, ह्या वेळी तिच्या देखत. सही तिनंच केली.

ती काई परत आली न्हाई, पुस्तकंबी न्हाई. खोटी वही भरायचं मी सोडलं, हेडसरांनी दोनदा खुलासा मागितला, दिला. आता आठवड्यात दोघं-तिघं येतात, एखाद्या आठवड्यात कुणीच न्हाई. दर मार्चला कॉम्प्युटर यादी काढतो, त्यात तिच्या नावापुढं तीन पुस्तकं येणं दाखवतो. कॉम्प्युटरचे सर म्हणतात, मॅडम, एका बटणाचं काम, काढून टाकू का? मी म्हणते, ऱ्हाऊ द्या, तिचं वाचून व्हायचं असल. घरचं आवरून तिला तेवढी सवड मिळो.